प्रतिकूलतम बिट-क्रम विश्लेषण

तारेतून किंवा मुद्रित मंडलातील ताम्रपट्टीतून अतिशय वेगाने बिटे पाठविली असता प्रत्येक बिटाचा विद्युत् स्पंद पसरतो व त्याचा काही अंश पुढील बिटांत मिसळतो. आजूबाजूच्या बिटांच्या कोणत्या विशिष्ट क्रमामुळे ही मिसळण सर्वाधिक घातक ठरते आणि त्या अवस्थेतही ग्राहकास ० व १ यांतील भेद ओळखता येतो की नाही, हे गणिताने ठरविण्याच्या पद्धतीस प्रतिकूलतम बिट-क्रम विश्लेषण म्हणतात. एका चिन्हाचा अवशेष दुसऱ्या चिन्हात मिसळण्याच्या आविष्काराला आंतरचिन्ह व्यतिकरण असे नाव आहे. संगणक, संदेशवहन-सामग्री आणि प्रदत्त-केंद्रे यांतील द्रुतगती वाहिन्यांचे संगणकीय सदृशीकरण करताना ही पद्धती २००२ नंतर मोठ्या प्रमाणावर रूढ झाली. तथापि तिच्या मुळाशी असलेला प्रश्न अंकीय तंत्रविद्येहून पुष्कळ जुना असून तो समुद्री तारायंत्राच्या आरंभकाळापर्यंत मागे जातो.

समुद्री तारा व वर्गनियम : खांबांवरून नेलेल्या उघड्या तारेतून तारायंत्राचे स्पंद जवळजवळ विनाविलंब पोहोचत. १८५१ मध्ये डोव्हर व कॅले यांमध्ये इंग्लिश खाडीतून टाकलेली तार यशस्वी झाली आणि त्यानंतर जमिनीखालून व पाण्याखालून जाणाऱ्या तारांची संख्या वाढू लागली. या तारांत मात्र पाठविताना आखूड असलेला स्पंद दुसऱ्या टोकास लांबट व मंद होऊन पोहोचतो, असे आढळून आले. गटापर्च्याचे वेष्टन असलेली तार व तिच्या भोवतालचे पाणी मिळून एक प्रचंड लेडन पात्रच तयार होते व ते भरण्यास आणि रिकामे होण्यास वेळ लागतो, ही कारणमीमांसा मायकेल फॅराडे यांनी १८५४ मध्ये मांडली.

या आविष्कारास गणिती रूप विल्यम टॉमसन (नंतरचे लॉर्ड केल्व्हिन, १८२४–१९०७) यांनी दिले. १८५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात तारेतील विद्युत् भाराचा प्रसार आणि घन पदार्थातील उष्णतेचे वहन या दोहोंना एकाच स्वरूपाचे समीकरण लागू पडते, असे दाखविले होते. त्यावरून निघणारा निष्कर्ष असा की, तारेची जाडी व वेष्टन तेच ठेवल्यास संदेशास होणारा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे लांबी दुप्पट झाल्यास विलंब चौपट होतो. यावर उपाय म्हणजे संवाहक व वेष्टन ही दोन्ही जाड करणे. अटलांटिक महासागरासारख्या अंतराच्या बाबतीत त्याचा अर्थ तांबे आणि गटापर्चा यांवरील खर्चात मोठी वाढ असा होत होता.

अटलांटिक टेलिग्राफ कंपनीचे विद्युत् तज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस (१८१६–९०) यांस हा नियम मान्य नव्हता. मूळचे शल्यविशारद असलेल्या व्हाइटहाउस यांनी १८५६ मध्ये स्वतःच्या प्रयोगांच्या आधारे वर्गनियमास जाहीर विरोध केला. अखेर कंपनीने टॉमसन यांना हवी असलेल्यापेक्षा पातळ तार स्वीकारली. ५ ऑगस्ट १८५८ रोजी ही तार आयर्लंड व न्यू फाउंडलंड यांमध्ये जोडली गेली. १६ ऑगस्ट रोजी व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेचे अध्यक्ष ब्यूकॅनन यांना पाठविलेला सु. शंभर शब्दांचा संदेश पोहोचण्यास सु. १६ तास लागले. स्पंद ओळखता येत नाहीत म्हणून व्हाइटहाउस यांनी प्रवर्तन वेटोळ्यांच्या साहाय्याने सु. २,००० व्होल्ट इतका उच्च दाब वापरला. आधीच सदोष असलेले वेष्टन त्यामुळे अधिक खराब झाले आणि काही आठवड्यांतच तार कायमची निकामी झाली. या अपयशाची व तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानकडे टाकलेल्या तारेच्या अपयशाची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश शासन व कंपनी यांची संयुक्त समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहिनीचे गुणधर्म मोजल्याविना व तिच्या मर्यादेचे गणित केल्याविना तार टाकणे किती महाग पडते, याचा धडा या प्रकरणाने दिला.

१८६६ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या जहाजाने टाकलेली अधिक जाड तार यशस्वी झाली. त्याच जहाजाने १८७० मध्ये मुंबई ते एडन ही तार टाकली आणि त्याच वर्षी मुंबई व लंडन यांमधील समुद्री तारमार्ग पूर्ण झाला. अशा लांब तारांवर टॉमसन यांचे सायफन अभिलेखक हे उपकरण वापरीत. त्याच्या कागदी पट्टीवर लागोपाठ एकाच दिशेने पाठविलेले स्पंद निरनिराळे उमटत नसत. त्यांचा मिळून एकच उंचवटा होई आणि त्याच्या लांबीवरून किती स्पंद असावेत हे कारकुनास ठरवावे लागे. एखादे चिन्ह कसे उमटेल हे त्याच्या आधी कोणती चिन्हे गेली यावर अवलंबून असते, ही गोष्ट या कारकुनांना गणिताशिवाय अनुभवाने ठाऊक होती. प्रत्येक स्पंदानंतर उलट दिशेचा अल्प स्पंद पाठवून तारेतील शिल्लक भार काढून टाकण्याची युक्तीही त्या काळी योजण्यात आली होती. आधुनिक प्रेषकातील समकरणाचे तत्त्व मूलतः हेच आहे.

विरूपणरहित वहन व नायक्विस्ट यांचे निकष : टॉमसन यांच्या समीकरणात तारेच्या प्रवर्तकतेचा विचार नव्हता. ऑलिव्हर हेव्हिसाइड (१८५०–१९२५) यांनी तो केला आणि रोध, प्रवर्तकता, धारकता व गळती यांत विशिष्ट प्रमाण असल्यास स्पंद क्षीण होतो परंतु त्याचा आकार बदलत नाही, असे १८८७ मध्ये दाखविले. ब्रिटिश डाक खात्यातील प्रमुख अभियंते विल्यम प्रीस यांनी या मतास विरोध केला व त्यामुळे ब्रिटनमध्ये त्याचा उपयोग लांबणीवर पडला. अमेरिकेत मायकेल प्यूपिन यांना १९०० मध्ये भारण वेटोळ्यांचे एकस्व मिळाले. १९२४ मध्ये न्यूयॉर्क व ॲझोर्स बेटे यांमध्ये टाकलेल्या तारेभोवती पर्मलॉय या मिश्रधातूची पट्टी गुंडाळून प्रवर्तकता वाढविण्यात आली. त्यामुळे संदेशांचा वेग पूर्वीच्या तारांच्या मानाने कित्येक पटींनी वाढला.

मूळचे स्वीडनचे व नंतर अमेरिकेत स्थायिक झालेले हॅरी नायक्विस्ट (१८८९–१९७६) यांनी १९२४ व १९२८ मधील आपल्या निबंधांत या प्रश्नास नवी दिशा दिली. स्पंद अजिबात पसरू नये अशी अपेक्षा अनाठायी असून, तो पसरला तरी शेजारच्या चिन्हांच्या वाचनक्षणी त्याचे मूल्य शून्य असले म्हणजे पुरे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय. या अटीवर ठराविक पट्टरुंदीच्या वाहिनीतून दर सेकंदास पट्टरुंदीच्या दुपटीइतकी चिन्हे व्यतिकरणाविना पाठविता येतात. प्रत्यक्षातील वाहिनी मात्र ही अट तंतोतंत पाळीत नाही आणि वाचनक्षणी शेजारच्या चिन्हांचा थोडा अवशेष उरतोच. तो कितपत सोसता येईल, हा पुढचा प्रश्न होता.

नेत्राकृती व कमाल विरूपण : अवशेषाचा परिणाम डोळ्यांना दिसावा म्हणून ऋण किरण दोलनदर्शकाच्या पडद्यावर अनेक बिटांचे आलेख एकमेकांवर रचण्याची पद्धत पडली. सर्व आलेखांच्या मधोमध जी मोकळी जागा राहते तिचा आकार उघड्या डोळ्यासारखा दिसतो, म्हणून या चित्रास नेत्राकृती म्हणतात. १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांनी सुरू केलेल्या सिगसॅली या गुप्त दूरध्वनी यंत्रणेत वाचनक्षण जुळविण्यासाठी नेत्राकृतींचा उपयोग करण्यात आला होता. डोळा मोठा उघडा असेल तर ० व १ स्पष्ट ओळखू येतात. तो मिटला तर चुका अटळ असतात. मात्र पडद्यावर दिसणारा डोळा केवळ तोपर्यंत येऊन गेलेल्या बिट-क्रमांचाच असतो. सर्वांत घातक क्रम अद्याप आलाच नसेल, तर चित्र दिलासा देणारे पण फसवे ठरते.

ही उणीव दूर करणारी राशी म्हणजे कमाल विरूपण होय. बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट लकी (१९३६–२०२२) यांनी १९६५ मध्ये दूरध्वनी तारांसाठी स्वयंचलित समकारक सिद्ध करताना ती आधारभूत मानली. वाहिनीतून एकच बिट पाठवून मिळणाऱ्या प्रतिसादाची ठराविक अंतरावरील मूल्ये घ्यावयाची, मुख्य मूल्य वगळून बाकीच्यांची चिन्हनिरपेक्ष बेरीज करावयाची व तिला मुख्य मूल्याने भागावयाचे. हे गुणोत्तर १ पेक्षा कमी असेल तर कोणताही बिट-क्रम आला तरी डोळा उघडाच राहतो. अशा अवस्थेत, समकारकाच्या आवाक्यातील शेजारची मूल्ये शून्यावर आणली की कमाल विरूपणही किमान होते, असे लकी यांनी सिद्ध केले.

विश्लेषणाची रीत : वाहिनी रेखीय व कालनिरपेक्ष असेल तर अनेक बिटांचा एकत्रित प्रतिसाद हा सुट्या बिटांच्या प्रतिसादांची बेरीज असतो. १ या बिटास +१ व ० या बिटास −१ असे मूल्य देऊ. समजा, एकबिट प्रतिसादाचे मुख्य मूल्य ०·६० आहे. त्याच्या एक बिट-काल आधी ०·०६ आणि नंतर क्रमाने ०·१८, ०·०९, −०·०४ व ०·०२ अशी मूल्ये आहेत. वाचावयाचा बिट १ असेल तर त्याचे वाचन खाली ओढण्यासाठी प्रत्येक शेजाऱ्याने विरुद्ध चिन्हाची भर घातली पाहिजे. म्हणून ज्या शेजाऱ्यांचा अवशेष धन आहे ते बिट ० असावेत आणि ज्याचा अवशेष ऋण आहे तो बिट १ असावा. यानुसार वाचावयाच्या बिटाच्या आधीचे चार बिट कालक्रमाने ०, १, ०, ० आणि नंतरचा बिट ० असा येतो. अर्थात प्रतिकूलतम क्रम ०१००१० हा होय व यातील पाचवा बिट वाचावयाचा आहे. अवशेषांची चिन्हनिरपेक्ष बेरीज ०·३९ असल्यामुळे वाचन ०·६० ऐवजी ०·२१ इतकेच उरते. बिट ० असता प्रतिकूलतम क्रम याच्या नेमका उलट, म्हणजे १०११०१ असा असतो.

या रीतीचे महत्त्व तिच्या काटकसरीत आहे. वरील उदाहरणात शेजारी पाचच असल्यामुळे ३२ क्रम प्रत्यक्ष तपासता आले असते. परंतु १९९० नंतरच्या दशकांत संगणकांतील वाहिन्यांचा वेग जसजसा वाढत गेला तसतसे प्रतिसादाचे शेपूट शेकडो बिटांपर्यंत लांबले. दर सेकंदास १० अब्ज बिटे वाहणाऱ्या वाहिनीत एका बिटास १०० पिकोसेकंद (१ पिकोसेकंद = १०⁻¹² सेकंद) एवढाच वेळ मिळतो व तेवढ्या वेळात संकेत मुद्रित मंडलफलकावर सु. १·५ सेंमी. पुढे जातो. ५० सेंमी. लांबीच्या ताम्रपट्टीत अशी तीसहून अधिक बिटे एकाच वेळी प्रवास करीत असतात. उच्च कंप्रतेस प्रवाह संवाहकाच्या पृष्ठभागालगत एकवटल्याने होणारी रोधातील वाढ, काचतंतू-एपॉक्सी फलकातील ऊर्जाऱ्हास आणि जोडण्यांवरून होणारी परावर्तने या कारणांनी प्रत्येक स्पंद पसरतो. शंभर शेजारी बिटांचा परिणाम होत असेल तर संभाव्य क्रमांची संख्या २¹⁰⁰, म्हणजे सु. १·२७ × १०³⁰ होते. प्रत्येक बिटागणिक एक नवा क्रम तपासला गेला असे मानले, तरी वरील वेगाने धावणाऱ्या प्रत्यक्ष वाहिनीलाही ते सर्व संपविण्यास सु. ४ लाख कोटी वर्षे लागतील. मंडलांचे संगणकीय सदृशीकरण तर प्रत्यक्ष वाहिनीपेक्षा कितीतरी सावकाश चालते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत १९७० नंतरच्या दशकात तयार झालेला स्पाइस हा कार्यक्रम मंडलांच्या अभिकल्पास पायाभूत ठरला. पण त्यावर कोट्यवधी बिटे चालवून पाहणे व्यवहार्य नव्हते. एकबिट प्रतिसाद मात्र एकदाच काढावा लागतो व त्यानंतर उरते ती केवळ शंभर संख्यांची बेरीज.

इंटेल या कंपनीतील ब्रायन कॅस्पर व त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये ही पद्धती एका चकतीकडून दुसऱ्या चकतीकडे जाणाऱ्या द्रुतगती वाहिन्यांना लावून दाखविली. बिट-कालातील निरनिराळ्या क्षणी वरील बेरीज केली असता डोळ्याची नुसती उंचीच नव्हे, तर त्याची प्रतिकूलतम बाह्यरेषा मिळते. शेजारच्या वाहिन्यांतून येणारे परसंकेतही याच रीतीने धरता येतात. त्यांच्या अवशेषांची चिन्हनिरपेक्ष बेरीज त्याच हिशेबात मिळविली जाते. समकारकाचा लाभही यावरून थेट कळतो. ग्राहकाने आधी ओळखलेल्या बिटांवरून त्यांचे अवशेष वजा करणारा निर्णय-पुनःप्रदाय समकारक वरील उदाहरणात ०·१८ व ०·०९ ही मूल्ये काढून टाकील, बाकी अवशेषांची बेरीज ०·१२ होईल आणि प्रतिकूलतम वाचन ०·२१ वरून ०·४८ पर्यंत वाढेल.

चाचणी-क्रम व संकेतने : प्रत्यक्ष सामग्री तपासण्यासाठी स्थानांतर नोंदकाच्या साहाय्याने तयार केलेले छद्म यादृच्छिक क्रम वापरतात. २⁷ − १ म्हणजे १२७ बिटांपासून २³¹ − १ म्हणजे २,१४,७४,८३,६४७ बिटांपर्यंत त्यांच्या लांबी रूढ आहेत. यांपैकी सर्वांत लांब क्रमात ३१ बिटांचा, सर्व शून्यांचा क्रम सोडून, प्रत्येक संभाव्य क्रम येतो. परंतु शंभर बिटांच्या प्रतिकूलतम क्रमाची हमी तोही देऊ शकत नाही. तो क्रम गणिताने शोधून मुद्दाम पाठवावा लागतो.

दुसऱ्या बाजूने घातक क्रम निर्माणच होऊ नयेत अशी संकेतनेही योजण्यात आली. आय. बी. एम. या कंपनीतील ॲल्बर्ट विडमर व पीटर फ्रानासझेक यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकेतनात प्रत्येक आठ बिटांऐवजी दहा बिटे पाठवितात. त्यामुळे सलग पाचांहून अधिक समान बिटे येत नाहीत व ० आणि १ यांचा समतोल राहतो. पण वाहिनीच्या क्षमतेचा पाचवा भाग खर्ची पडतो. अशा वाहिनीत साध्या बेरजेने मिळणारा प्रतिकूलतम क्रम कदाचित संकेतनाने निषिद्ध असेल. म्हणून शोध केवळ अनुज्ञेय क्रमांपुरता मर्यादित ठेवावा लागतो. संकेतकाच्या प्रत्येक अवस्थेपर्यंत पोहोचणाऱ्या क्रमांपैकी सर्वांत वाईट तेवढा राखून पुढे जाण्याची गतिक कार्यक्रमणाची रीत यासाठी उपयोगी पडते.

संभाव्यतेचा दृष्टिकोन व त्याच्या मर्यादा : प्रतिकूलतम विश्लेषणावर मुख्य आक्षेप असा की, ते फार निराशावादी आहे. बिटे यादृच्छिक असतील तर शंभर बिटांचा एक विशिष्ट क्रम येण्याची संभाव्यता सु. ८ × १०⁻³¹ असते. व्यवहारात १०¹² बिटांमागे एक चूक ही मर्यादा पुष्कळ ठिकाणी पुरेशी मानली जाते. जवळजवळ कधीच न घडणाऱ्या घटनेसाठी अधिक महाग फलक किंवा अधिक ऊर्जा घेणारा समकारक वापरणे परवडत नाही. यामुळे प्रत्येक अवशेषाच्या संभाव्यता-वितरणांचे संवलन करून डोळा किती वेळा किती मिटेल हे काढण्याच्या सांख्यिकीय पद्धती पुढे आल्या. २००४ मध्ये मांडण्यात आलेली स्टॅटआय ही पद्धती त्यांपैकी एक होय. यादृच्छिक गोंगाट व काल-अस्थैर्य यांना निश्चित कमाल मर्यादा नसल्यामुळे त्यांचा विचारही संभाव्यतेनेच करावा लागतो. २००८ मध्ये आयबिस या मानकात समकारकांच्या गणिती प्रतिकृतींची सोय झाली व त्यामुळे निरनिराळ्या उत्पादकांच्या चकत्यांसह लक्षावधी बिटांचे सदृशीकरण अल्पकाळात करता येऊ लागले.

तथापि बिटे यादृच्छिक असतात हे गृहीत नेहमीच खरे ठरत नाही. याचे लक्षणीय उदाहरण प्रकाशीय जालकांत मिळाले. सोनेट या मानकात बिटांचा क्रम विस्कळीत करण्यासाठी १२७ बिटांचा पुनरावर्ती क्रम मिळवीत असत. १९९४ मधील विनिर्देशानुसार आंतरजालकाची माहिती-पुडकी थेट सोनेटवरून पाठविताना तेवढीच योजना पुरेशी मानली गेली. परंतु हा क्रम सर्वज्ञात व आखूड होता. कोणा खोडसाळ वापरकर्त्याने आपल्या पुडक्यात नेमका तोच क्रम भरला, तर दोहोंचा परस्पर निरास होऊन वाहिनीवर दीर्घकाळ एकाच प्रकारचे बिट जाण्याचा धोका होता. त्या अवस्थेत ग्राहकाचे कालमापन सुटून इतरांचेही संदेशवहन खंडित होऊ शकते. नेमकी जुळणी होण्याची शक्यता १२७ मध्ये एक एवढी असल्याने पुनःपुन्हा पुडकी पाठविल्यास ती साधणे अवघड नव्हते. यास्तव १९९९ मधील सुधारित विनिर्देशात, आधीच्या माहितीवर अवलंबून असणारी ४३ बिटांची आणखी एक विस्कळीकरण-योजना समाविष्ट करण्यात आली. यदृच्छेने येणारा क्रम व हेतुपुरस्सर रचलेला क्रम यांना एकच संभाव्यता लावता येत नाही, हे यावरून दिसून येते.

विश्लेषणाच्या इतर मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. प्रेषकाचा चढता व उतरता संक्रमण-काल भिन्न असेल किंवा विवर्धक संपृक्त होत असेल, तर एकबिट प्रतिसादांची साधी बेरीज खरी ठरत नाही. अशा वेळी चढत्या व उतरत्या पायरीचे प्रतिसाद निरनिराळे घ्यावे लागतात. निर्णय-पुनःप्रदाय समकारकात एक बिट चुकीचा ओळखला गेल्यास पुढील बिटांतही चुका ओढवतात. पीसीआय एक्सप्रेस या मानकाच्या २०२२ मधील सहाव्या आवृत्तीत दोनऐवजी चार पातळ्यांचे स्पंद स्वीकारले गेले. त्यामुळे एकावर एक तीन लहान डोळे तयार होतात व प्रत्येकाची उंची पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच राहते. तेथे वाहिनीवर होणाऱ्या काही चुका अपरिहार्य मानून त्या त्रुटि-दुरुस्ती संकेतनाने सुधारल्या जातात.

यामुळे दोन्ही पद्धतींचे कार्यक्षेत्र निरनिराळे झाले आहे. वाहिनी आखूड असेल, तीत त्रुटि-दुरुस्तीची सोय नसेल किंवा माहितीचे स्वरूप आधी ठाऊक नसेल, तेथे प्रतिकूलतम विश्लेषणाने मिळणारी निरपवाद हमी उपयुक्त ठरते. ज्या वाहिन्यांत माहिती चांगल्या प्रकारे विस्कळीत केलेली असते व मर्यादित चुका सोसता येतात, तेथे सांख्यिकीय पद्धती अधिक काटकसरीची असते. कोणतीही पद्धती स्वीकारली तरी प्रथम वाहिनीचा एकबिट प्रतिसाद अचूक मोजावा किंवा गणिताने काढावा लागतो. १८५८ च्या अटलांटिक तारेच्या वेळी ही पायरी मान्य झाली नव्हती. १८६६ पासून मात्र मोजमापास तारायंत्र-अभियांत्रिकीत कायमचे स्थान मिळाले.